न सांगितलेले पाच तास

बायको गेली तेव्हा मी वेळ खोटी सांगितली. बाकी सगळं आयुष्य तोंडावर बोलून लोकांना नकोसा झालो, आणि जिथं खरं बोलायचं होतं नेमकं तिथं खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको.

झालं असं. आम्ही दोघं सिंगापूरला मुलाकडं येऊन दीड वर्ष झालं होतं. ईस्ट कोस्टला त्याचा कॉन्डो, नवव्या मजल्यावर. मुलगा चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं कॉम्प्युटरचं काम बघतो, सूनही नोकरी करते, नातू शाळेत. सकाळी साडेसहाला घर नुसतं पळत असतं आणि सात वाजता एकदम रिकामं. त्या दिवशीही सातला दार लागलं आणि ती ओट्याला टेकून म्हणाली, "अहो, छातीत जळजळतंय. डावा हातपण जड झालाय."

मी म्हणालो, "रात्री छोले हाणलेस. सांगत होतो." आणि ओवा दिला, वर गरम पाणी.

नऊला म्हणाली, अजून आहेच. मी म्हणालो, फोन लावू का त्याला? तर म्हणाली, "नको. आज त्याची मोठी मीटिंग आहे, लंडनचे लोक आलेत. एक वाजता जेवायला उठतो, तेव्हा बघू." मीही म्हणालो, बघू.

इथं आलेल्या आमच्यासारख्या सगळ्या आईबापांना हा रोग आहे. पोरांना ऑफिसात फोन करायचा नाही. आमच्या खालच्या बागेत संध्याकाळी चार-पाच जोडपी बसतात, त्यातल्या पुण्याच्या एक बाई जिन्यात पडल्या, मनगट मोडलं, तर संध्याकाळपर्यंत ओढणीनं हात गळ्यात बांधून बसून राहिल्या. कारण मुलीचा कॉल चालू होता. वर ते सगळ्यांना सांगताना त्यांच्या तोंडावर कौतुक. आम्हीही माना डोलावल्या. आपण इथं पोरांच्या पासवर, म्हणजे त्यांच्या नोकरीवर मिळालेल्या परवान्यावर आलोय, त्यांच्या कामात मध्ये यायचं नाही, हे कुणी न शिकवता आम्ही शिकतो आणि एकमेकांना शाबासकी देतो.

बाराला तिला उठवेना. तेव्हा मी फोन केला. मुलानं तिकडूनच अँब्युलन्स बोलावली, दहा मिनिटांत आली. तो टॅक्सीनं थेट हॉस्पिटलात आला. डॉक्टरनं विचारलं, दुखायला कधी लागलं. मुलानं मला मराठीत विचारलं, "बाबा, कधीपासून?"

त्याच्या गळ्यात ऑफिसचा पास तसाच लटकत होता. मी म्हणालो, "आत्ताच. बाराला."

त्यानं ते इंग्रजीत सांगितलं, डॉक्टरनं लिहून घेतलं. संध्याकाळी ती गेली.

डॉक्टर चांगला होता. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, एवढ्या मोठ्या अटॅकला कुणीच काही करू शकत नाही, तुम्ही लगेच आणलंत. मुलानं ते वाक्य घट्ट धरलं. पुढं महिनाभर गावाकडून फोन येत होते, त्या प्रत्येकाला तो तेच सांगायचा. "लगेच नेलं मावशी. अर्ध्या तासाच्या आत. आपल्याकडून काही कमी पडलं नाही." मी सोफ्यावर बसून ऐकायचो. दर वेळी वाटायचं, उठावं आणि सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं की पहिला प्रश्न येणार, फोन का नाही केला. त्याला उत्तर एकच आहे, तुझी मीटिंग होती म्हणून. म्हणजे माझ्या पापातलं निम्मं उचलून लेकाच्या डोक्यावर ठेवायचं. असं करत करत सात महिने गेले.

बस, इथली एमआरटी म्हणजे मेट्रो, सगळं तिला कळायचं. कुठली गाडी, कुठं उतरायचं, मी नुसता मागं मागं. ती गेल्यावर मी पायी पोचेन तेवढंच सिंगापूर माझं राहिलं. कॉन्डोच्या फाटकातून निघायचं, रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडं जायचं, की समुद्र आणि काठाला खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर. तिथं एक चहा घेऊन मी दोन तास काढायचो. टेबलं पुसणारी चिनी म्हातारी मला ओळखायला लागली होती. माझा कप रिकामा झाला तरी उचलायची नाही.

तिथंच तो अमेरिकन भेटला. ऑगस्टमध्ये इथल्या राष्ट्रीय दिनाची परेड असते, तिचा सराव आधी कित्येक शनिवार चालतो आणि लढाऊ विमानं डोक्यावरून जातात. अशीच पाच विमानं एकदम गेली. सगळ्यांनी मोबाइल वर केले. शेजारच्या टेबलावरचा एक गोरा म्हातारा मात्र मान खाली घालून ऐकत होता. मीही तेच करत होतो. विमान बघतं कुणीही. ते खोलून परत जोडलेला माणूस आधी ऐकतो, आवाज एकसारखा आहे का ते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पायलट का मेकॅनिक?"

मी म्हणालो, "फिटर."

तो कॉफीचा कप उचलून माझ्या टेबलावर आला.

मी सातवी पास. नाशिककडं हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, तिथं झाडू मारायला लागलो आणि फिटर म्हणून रिटायर झालो. इंग्रजीचं वाक्य मला जोडता येत नाही. पण विमानाच्या प्रत्येक पार्टचं नाव मला इंग्रजीतच येतं, मराठीत येतच नाही. तेवढ्यावर आमचं भागलं. तो एक पार्ट बोलायचा, मी त्याला जोडलेला पुढचा बोलायचो. बाकी हातवारे. मला ते सगळं कानात मराठीच ऐकू यायचं, म्हणून इथंही तसंच लिहितो.

सुरुवातीला मी त्याला सर म्हणालो. तो म्हणाला, "सर अधिकाऱ्यांना म्हणतात. माझे हात बघ." हात बघितले. उजव्या हाताचं एक नख अर्धं, कधीतरी पॅनेलखाली चेपलेलं. माझंही आहे तसं, अंगठ्याचं.

तो मुलीकडं राहत होता, आमच्या शेजारच्या कॉन्डोत. जावई इथलाच, चिनी. ह्याचीही बायको गेलेली, पण त्याला पुष्कळ वर्षं झालेली. व्हिएतनामच्या लढाईत तो बाविसाव्या वर्षी थायलंडमधल्या एका तळावर होता. तिथून त्यांची विमानं बॉम्ब घेऊन उडायची, व्हिएतनामवर टाकायची आणि परत यायची. रोज, पहाटेपासून. हा उडायचा नाही. हा जमिनीवरचा, एका विमानाचा कारभारी. त्यांच्यात पद्धत अशी की एका विमानाला एक माणूस. धुणं, पुसणं, तेल, हवा, नट-बोल्ट सगळं त्याचं. विमानावर पायलटच्या नावाखाली ह्याचंही नाव रंगवलेलं असायचं. "पायलटला वाटायचं विमान त्याचं," तो म्हणाला. "विमान माझं होतं. तो सकाळी मागून न्यायचा आणि खराब करून आणून द्यायचा."

हे ऐकून ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. आमच्याकडंही अधिकारी असेच, चार ओरखडे पाडून आणायचे आणि वर विचारायचे, झालं का.

मग मीही त्याला टोचलं. "एकाहत्तरला आमची पाकिस्तानशी लढाई चालू होती, तेव्हा तुमची जहाजं आमच्या समुद्रात आली होती. आम्ही वर्कशॉपात डबल शिफ्ट करत होतो आणि तुम्हाला शिव्या घालत होतो."

तो म्हणाला, "मी नव्हतो त्यात, लाह." हे लाह म्हणजे इथल्या बोलण्यातली वाक्याची शेपटी, त्याला नातीनं लावलेली. माझा नातूही दर वाक्याला लावतो.

एकदा मी त्याला तोंडावर विचारलं. "तुमचे बॉम्ब ज्यांच्यावर पडले त्यांचं काय? त्यांचा विचार येतो का?" माझी बायको असती तर टेबलाखालून पाय मारला असता.

त्यानं समुद्रावर उभ्या असलेल्या जहाजांकडं तोंड केलं. मग म्हणाला, "आम्ही बॉम्ब लावायचो. विमान रिकामं परत आलं की खूश व्हायचो, म्हणजे काम झालं. खाली कुठं पडलं ते मला कुणी दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला एकच माणूस आठवतो, कारण त्याचं नाव मला माहीत आहे. बाकीच्यांची नावं मला माहीत नाहीत. हे बरोबर नाही, मला कळतं."

कोण तो एक माणूस, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. त्याचा तो पायलट असणार, एवढं समजलं.

आम्ही रोज भेटायला लागलो. महिना-दीड महिना. घरी सून म्हणायची, "बाबा, तुमचा अमेरिकन काय म्हणतो?" मुलाला बरं वाटायचं. फोनवर सांगायचा, बाबा सावरतायत आता. आणि लगेच पुढं ते अर्ध्या तासाचं.

एका सकाळी तो आला तोच वेगळा दिसला. दाढी केलेली नव्हती. कॉफी घेतली नाही, नुसताच बसला. म्हणाला, "पायलटची बायको गेली. तिच्या मुलीनं कळवलं."

मी म्हणालो, वाईट झालं.

"दर ख्रिसमसला तिचं कार्ड यायचं. चाळीसच्या वर वर्षं. दर कार्डात एकच ओळ, तुम्ही त्याच्या विमानाची किती काळजी घ्यायचात ते तो नेहमी लिहायचा." मग तो माझ्याकडं वळला. "तू फिटर आहेस. तुला एक विचारायचंय. खरं सांग. तू गोड बोलत नाहीस म्हणून तुला विचारतोय."

टेबल अडवायला इथले लोक कागदी रुमालांचं पाकीट ठेवतात, तसं त्याचं पाकीट समोर होतं. त्यातला एक रुमाल काढून त्यानं पेननं विमान काढलं. रुमाल फाटत होता तरी काढलं. पायलटच्या मागं, पाठीवर, एक झाकण. त्या झाकणाखालून पायलटच्या हातातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत जाणारे रॉड. दांडा हलला की रॉड हलतात, रॉड हलले की शेपटी हलते, विमान वर नाहीतर खाली जातं. हे मला सांगावं लागलं नाही. मी बोट ठेवलं, त्यानं मान हलवली.

त्या पहाटे त्यानं ते झाकण उघडलं होतं. एक जोड सैल वाटला, तो आवळला, झाकण लावलं, सगळे स्क्रू बसवले. मग हत्यारांची पेटी बघितली तर छोटा रॅचेट पाना नव्हता. चार विमानांची तुकडी होती, तिघांची इंजिनं सुरू झालेली. पायलट शिडीवर. ह्यानं स्वतःला सांगितलं, काल शेजारच्याला दिला होता, त्याच्याकडंच असेल. पायलटला पट्टे बांधले. बॉम्बच्या लाल फीत लावलेल्या पिना काढून त्याला वर धरून दाखवल्या, ही त्यांची रोजची रीत. पट्टे बांधायच्या आधी, पाना नाही हे कळल्यावरच, फॉर्मवर सही केली होती. विमान ठीक आहे, अशी सही.

"शेजाऱ्याला विचारलंस?" मी म्हणालो.

"विमान गेल्यावर. त्याच्याकडं नव्हता."

दोन तासांनी तीन विमानं परत आली. चौथं बॉम्ब टाकायला खाली झेपावलं ते वर आलंच नाही, सरळ डोंगरात गेलं. बरोबरच्या पायलटांनी आग बघितली नाही, रेडिओवर शब्द ऐकला नाही. कागदावर आलं, शत्रूच्या तोफेनं पडलं. त्या भागात तोफा होत्याच, रोज कुणी ना कुणी पडत होतं. कुणी ह्याला काही विचारलं नाही. आठ दिवसांनी नवीन विमान आलं, त्यावर ह्याचं नाव रंगवलं गेलं.

मी विचारलं, "उडायच्या आधी त्यानं दांडा पूर्ण फिरवून बघितला?"

"बघितला. मी मागं उभा राहून शेपटी बघितली. पूर्ण हलली."

"पाना केवढा?"

त्यानं वीतभर दाखवला, त्याहून थोडा कमी.

मी तो रुमाल पुढं ओढून घेतला. आमच्या वर्कशॉपात प्रत्येक फिटरला पितळी बिल्ले असायचे, नंबर ठोकलेले. हत्यार घेतलं की फळीवर त्याच्या जागी आपला बिल्ला अडकवायचा, परत ठेवलं की बिल्ला काढायचा. सुट्टीच्या वेळी एक जरी बिल्ला लटकलेला दिसला तरी अख्खी शिफ्ट थांबायची. एकदा एका स्क्रूड्रायव्हरसाठी सत्तर माणसं तीन तास अडकली. शेवटी तो एकाच्या गमबुटात सापडला आणि त्याला सगळ्यांनी मिळून धुतला. हे सगळं कशासाठी असतं, ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. म्हणूनच तर तो विचारत होता.

मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. खांद्यावर हात ठेवायचा, म्हणायचं, तोफेनंच पडलं, तुझी काही चूक नाही. डॉक्टरनं माझ्या मुलाला म्हटलं तसं. ते वाक्य आमच्या घरात सात महिने कसं राहत होतं, ते मी रोज बघत होतो.

मी म्हणालो, "जमिनीवर हललं म्हणजे पाना तेव्हा बाजूला पडलेला असेल. झेपावताना सुट्टी वस्तू सरकते. वर ओढताना रॉडमध्ये अडकू शकते. अडकली तर वर येणार नाही." मग त्याच्याकडं बघून, होऊ शकतं याला इथले लोक म्हणतात तसं एका शब्दात सांगितलं, "कॅन."

मी थांबलो नाही.

"आणि तोफेनंही पडलेलं असू शकतं. तेपण कॅन. आता कुणालाच कळणार नाही. पण सही करायला नको होती. ते विमान थांबवायला पाहिजे होतं."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, मेला का काय हा. चिनी म्हातारी फडकं घेऊन आली, आमच्याकडं बघितलं आणि तशीच गेली.

मग तो म्हणाला, "हे मी तिला सांगणार होतो. दर ख्रिसमसला ठरवायचो. तिच्या कार्डात ती ओळ यायची आणि मी पुढच्या वर्षावर टाकायचो. आता कुणाला सांगू? तुला सांगून काय उपयोग? तू तिचा कुणी नाहीस."

ते खरंच होतं. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

आणि मग मी माझं सांगितलं. ठरवून नाही, निघून गेलं तोंडातून. माझ्या इंग्रजीत ते फार थोडं होतं. वाइफ. पेन सेव्हन ओ'क्लॉक. आय टेल डॉक्टर, ट्वेल्व ओ'क्लॉक. सन डोन्ट नो. एवढंच. मराठीत सात महिने जे सांगता आलं नाही ते असं चार तुकड्यांत झालं.

त्यानं डोळे पुसले आणि एकच प्रश्न विचारला. "मुलगा जिवंत आहे ना?"

"आहे. संध्याकाळी घरी येईल."

"मग माझ्यासारखं कशाला करतोस?" तो म्हणाला. जरा रागानंच म्हणाला. उठला, रुमालावरचं ते विमान चुरगळून खिशात घातलं आणि गेला.

नंतर चार दिवस तो आला नाही. मला वाटलं, माझ्या जिभेनं एक म्हातारा मारला. पाचव्या दिवशी आला. पाठ धरली होती म्हणे. कॉफी कडू आहे म्हणून कुरकुर केली, नातीच्या परीक्षेचं सांगितलं. पान्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. निघताना फक्त म्हणाला, "सांगितलंस?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "हं."

मी शनिवारी सांगितलं. दुपारची वेळ. नातू पोहायला गेलेला, सून आत मिक्सरवर चटणी वाटत होती, मुलगा हॉलमध्ये आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आमच्या वर्कशॉपात काही मोडलं की सुपरवायझरसमोर असंच उभं राहायचं, हात मागं घेऊन.

"तुझ्या आईला बाराला नव्हतं लागलं दुखायला," मी म्हणालो. "सातला लागलं होतं. तू दाराबाहेर पडलास तेव्हाच."

त्याला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे पाच तास तिला दुखत होतं आणि मी ओवा देत बसलो. हॉस्पिटलात मी खोटं सांगितलं."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "फोन का नाही केलात?"

आला तोच प्रश्न. मी म्हणालो, "ती नको म्हणाली. तुझी मीटिंग होती. पण तिचं ऐकणं माझी चूक. ती आजारी होती, मी नव्हतो."

"कुठली मीटिंग?"

"लंडनचे लोक आले होते ती."

तो आठवायला लागला. खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "बाबा, त्यात काय झालं ते मला आठवतसुद्धा नाही."

आतला मिक्सर थांबला होता. सून पाण्याचा ग्लास घेऊन आली, कुणाला द्यावा ते तिला कळेना, टेबलावर ठेवून गेली. मुलगा म्हणाला, "मी सगळ्यांना सांगितलं. प्रत्येकाला. अर्ध्या तासात नेलं म्हणून. तुम्ही समोर बसून ऐकत होतात." मी हो म्हणालो. त्याला वाटत होतं मी अजून काही बोलावं, पण माझ्याकडं अजून काही नव्हतं. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. चहा पुढं ठेवायचा, औषध घेतलं का ते सुनेकडून विचारायचा. गावाकडून एकदा फोन आला, बोलता बोलता आईचा विषय निघाला, तेव्हा तो ते वाक्य म्हणाला नाही. नुसतं "हो, हो" म्हणाला. मी सोफ्यावर होतो. मला वाटलं, मी त्याच्याकडून तेवढं एक होतं तेही काढून घेतलं. त्याबदल्यात दिलं काय? रात्री जाग येणं, एवढंच. नातवानं विचारलं, "आजोबा, व्हाय डॅडी सो अँग्री, लाह?" मी म्हणालो, माझ्यामुळं. 

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी मी फिरायला निघालो तर मुलगा बूट घालून दारात उभा. बरोबर चालायला लागला. समुद्राच्या काठाला मोठे दगड टाकलेत, तिथं जाऊन बसला. मी शेजारी बसलो. सायकलवाले जात होते.

त्यानं विचारलं, "त्या पाच तासांत काय केलंत तुम्ही दोघांनी?"

मी म्हणालो, "करणार काय. बसलो."

"बोलली असेल ना काहीतरी."

"बोलली की. तुझी आई गप्प बसणारी होती का?"

"मग सांगा ना." तो म्हणाला. "मी सातला डबा घेतला आणि तिच्याकडं न बघता निघालो. मला वाटत होतं, त्यानंतर काही नव्हतंच. सरळ हॉस्पिटल. आणि तुम्ही आत्ता म्हणताय अजून पाच तास होते."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी तिचं दुखणं लपवलं होतं, एवढंच मला वाटत होतं. त्याबरोबर तिचे शेवटचे पाच तासही मी एकट्यानं दाबून ठेवले होते. त्यात ती चांगली जिवंत होती. बोलत होती, भांडत होती.

मग मी सांगायला लागलो. साडेसातला तिनं मेथीची जुडी निवडायला घेतली, मी म्हणालो पडून राहा, तर म्हणाली हात बसल्या बसल्या चालतात. आठला म्हणाली, नातवाच्या पोहण्याच्या चड्डीचं इलॅस्टिक सैल झालंय, पाण्यात सुटली तर पोरगं शाळेत तोंड दाखवणार नाही. सुई ओवून मागितली. मला ओवता येईना. तिनं तशीच दुखऱ्या हातानं ओवली.

"आणि नऊला?" तो म्हणाला.

नऊला फोनचं बोलणं झालं, ते त्याला मी सांगितलंच होतं. त्यानंतर ती त्याच्याबद्दलच बोलत होती. तो तीन वर्षांचा असताना वर्कशॉपाच्या वरून विमान गेलं की पातेलं डोक्यावर घालून बसायचा, ते. दहाला म्हणाली, पायाची नखं वाढलीत, मला वाकवत नाही. मी कापली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती हसली, म्हणाली, एवढी विमानं जोडलीत आणि नेलकटर धरता येत नाही. साडेदहाला थोडा वेळ डोळा लागला तिचा. मला वाटलं, उतरलं दुखणं. मी तिच्याकडं बघत बसलो होतो, दुसरं काही करत नव्हतो.

मुलगा पाण्याकडं बघत होता. गाल ओले होते, पुसत नव्हता.

"अकराला?"

"अकराला घाम यायला लागला. पंखा मोठा करा म्हणाली. आणि म्हणाली, त्याला सांगा, डबा ऑफिसातच धुवून आणत जा, तसाच बॅगेत ठेवतो आणि घरभर वास सुटतो. मी म्हणालो, तूच सांग संध्याकाळी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "अजून?"

साडेअकराला तिनं पाणी मागितलं, दोन घोट प्यायली, माझा हात धरला आणि सोडला नाही. मी एका हातानं मोबाइल शोधत होतो. तेही सांगितलं. बारानंतरचं त्याला माहीत होतं.